जुन्या सोसायटीच्या दारात व्हीलचेअरचा रॅम्प: मोजमापापासून रेलिंगपर्यंत

ठाण्यात नौपाड्यातल्या किंवा नवी मुंबईत वाशी-नेरूळच्या जुन्या इमारतींत पावसाचे पाणी आत शिरू नये म्हणून तळमजला जमिनीपासून फूट-दीड फूट उंच ठेवलेला असतो. दारात तीन पायऱ्या येतात. त्यांच्या कडेला अनेक ठिकाणी सिमेंटचा एक उभा उतार दिसतो. सोसायटीच्या नोंदीत तो ‘रॅम्प’ असला तरी तो स्कूटर चढवण्यासाठी केलेला असतो. व्हीलचेअर त्यावर चढवताना मागे कलंडू शकते आणि उतरताना ढकलणाऱ्याच्या हातून सुटू शकते. असा उतार असण्यापेक्षा नसलेला बरा, कारण तो दाखवून सोसायटी हात झटकते.

आधी उंची, मग जागा

उताराची लांबी ठरते ती उंचीवरून. जागा किती उरली यावरून ती कधीच ठरवू नका. प्रमाण 1:12 चे, म्हणजे 1 सेंमी चढायला 12 सेंमी लांबी लागते. पायऱ्यांच्या उंचीची बेरीज करून चालत नाही, कारण अंगणालाही उतार असतो. पारदर्शक नळीत पाणी भरून दारातली फरशी आणि रॅम्प जिथे संपणार ती जमीन यांच्या पातळीतला फरक काढा.

समजा, हा फरक 45 सेंमी आला. उताराची लांबी झाली 540 सेंमी. वर दारापुढे आणि खाली पायथ्याशी 150 × 150 सेंमीची सपाट जागा हवी, तरच खुर्ची वळते. उतार 5 मीटरपेक्षा लांब झाल्यावर मध्येही तेवढाच सपाट टप्पा द्या, तिथे हातांना विश्रांती मिळते. सगळे मिळून जवळजवळ 10 मीटर. रुंदी किमान 120 सेंमी. पण चढ 30 सेंमीपेक्षा जास्त असेल तर 150 सेंमीच धरा. ही रुंदी रेलिंगच्या आतली, मोकळी मोजायची.

सरळ 10 मीटर नसतील तर रॅम्प दुमडा: 270 सेंमीचे दोन उतार शेजारी-शेजारी आणि वळणावर सपाट टप्पा. मग सुमारे पावणेसहा मीटर लांबी आणि सव्वातीन मीटर रुंदी पुरते. तेवढीही जागा नसेल तर बाजूचे किंवा मागचे दार पाहा. तिथेही जमत नसेल तर उभ्या उचल-प्लॅटफॉर्मचा, म्हणजे खुर्चीसकट वर नेणाऱ्या छोट्या लिफ्टचा विचार करा. उतार मात्र तीव्र करू नका. 1:8 वर चांगल्या दंडाचा माणूसही एकट्याने चढताना दमतो.

कागदपत्रे

मॅनेजिंग कमिटीला लेखी अर्ज द्या, सोबत मापांसह आराखडा जोडा, पोच घ्या आणि विषय सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर येईल असे पाहा. अर्जदाराकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेच पाहिजे अशी अट सोसायटीने घालू नये. गुडघे गेलेल्या आजींना आणि बाळंतिणीलाही हीच वाट लागते.

तळमजल्यावर दवाखाना, क्लास किंवा दुकान असेल तर बाजू आणखी भक्कम होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत लोकांचा वावर असलेली खासगी इमारतही येते. सुगम्यतेचे निकष निव्वळ शिफारशी राहू शकत नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले. दाद मागायची वेळ आलीच, तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

आराखडा आर्किटेक्टकडून करून घ्या आणि महापालिकेत दाखवून परवानगीचे विचारून घ्या. नवी मुंबईत जमीन सिडकोच्या (शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या) भाडेपट्ट्याची असेल तर त्या अटीही वाचा. रॅम्प कंपाउंडच्या आतच संपला पाहिजे. फुटपाथवर किंवा गटारावर आला की ते अतिक्रमण. अग्निशमनाच्या गाडीची वाटही मोकळी राहिली पाहिजे.

बांधकाम

खोदण्यापूर्वी गॅसची पाइप, महावितरणची केबल आणि ड्रेनेजचे चेंबर कुठे आहेत ते शोधा. चेंबर रॅम्पखाली गाडला गेला तर पुढच्या तुंबण्याला रॅम्पच फोडावा लागेल.

दोन्ही बाजूंच्या भिंती उभ्या झाल्या की आत मुरूम भरा, पण एकदम नाही. 15 सेंमीचा थर, पाणी, धुम्मस, मग पुढचा थर. बहुतेक रॅम्प इथेच बिघडतात. घाईने केलेली भर पहिल्या पावसाळ्यात बसते, वरचा कोबा तडकतो आणि दाराशी दोन-तीन सेंमीची पायरी तयार होते. खुर्चीची पुढची लहान चाके नेमकी तिथे अडतात.

भरीवर 8 मिमी सळ्यांची 20 सेंमी अंतराची जाळी आणि 10 सेंमी जाडीचे एम-20 (हा ताकदीचा दर्जा) काँक्रीट घाला. वरच्या उदाहरणातल्या सरळ रॅम्पला मधला आणि वरचा टप्पा धरून सुमारे सव्वा घनमीटर काँक्रीट आणि 10 पोती सिमेंट लागते, भिंतींचे वेगळे. इमारतीच्या भिंतीला काँक्रीट चिकटवू नका. 12 मिमीची फट ठेवून ती सीलंटने भरा. दोन्ही काठांना साडेसात सेंमी उंच कड ठेवली की चाक घसरून बाहेर जात नाही.

पृष्ठभाग ओला असतानाच आडवा झाडू मारून रेघा पाडा. ग्रॅनाइट आणि चकचकीत टाइल नकोच, ठाण्याच्या पावसात त्यावर चालणाराही घसरतो. पीपीसी (फ्लाय अ‍ॅश मिसळलेले) सिमेंट असेल तर किमान 10 दिवस पाणी मारा.

रेलिंग

रेलिंग दोन्ही बाजूंना, दोन उंचींवर: एक सुमारे 70 सेंमी, दुसरे 90. खुर्चीतल्याचा हात खालच्यावर जातो, काठी घेऊन चालणाऱ्याचा वरच्यावर. पाइप 40 मिमी व्यासाचा, गोल. चौकोनी पाइपवर पकड बसत नाही. भिंतीपासून 5 सेंमी अंतर ठेवा. उताराच्या दोन्ही टोकांपुढे रेलिंग 30 सेंमी आडवे वाढवून खाली वळवा, नाहीतर पिशवीचा बंद किंवा ओढणी टोकात अडकते. उतार सुरू होण्याआधी 30 सेंमीवर ठिपक्यांच्या पिवळ्या टाइलची पट्टी लावली की अंध व्यक्तीला पायांना सूचना मिळते.

शेवटचे बिल देण्यापूर्वी

120 सेंमीची सरळ पट्टी घ्या. तिचे एक टोक रॅम्पवर टेकवा, दुसरे उताराच्या दिशेने धरा आणि पाणसळ लावून ती आडवी करा. मोकळ्या टोकाखाली 10 सेंमीपेक्षा जास्त फट नसावी. हे तीन-चार ठिकाणी तपासा, कारण गवंडी टोकाला उतार वाढवून हिशेब जुळवतात. मग बादलीभर पाणी ओता आणि ते पायथ्याशी साचते का पाहा. जाळीचे गटार असेल तर फटी 12 मिमीपेक्षा रुंद नसाव्यात आणि त्या वाटेला आडव्या असाव्यात.

शक्य असल्यास व्हीलचेअर वापरणाऱ्या कुणाला तरी बोलावून एकट्याने चढायला सांगा. मागून कुणी हात लावायचा नाही. दारापर्यंत पोहोचल्यावर उंबरा 12 मिमीपेक्षा उंच नको आणि दार उघडल्यावर 90 सेंमी मोकळे हवे. लिफ्ट असेल तर तिचे दारही त्याच दिवशी मोजा.

पायथ्याचा दीड मीटरचा चौकोन पिवळ्या पट्ट्यांनी रंगवून तिथे दुचाकी लावायची नाही असा ठराव करा आणि वॉचमनला तो समजावून सांगा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ब्लीचिंग पावडर आणि ताठ ब्रशने शेवाळ काढावे लागते. हे काम सफाईच्या कंत्राटातच लिहून घ्या.