रात्री मित्राबरोबर माळावर एमटीबी (माउंटन बाइक) काढताय? या चुका टाळा

सोलापूरच्या उन्हाळ्यात दिवसा माळावर सायकल चालवणं म्हणजे शरीराचे हाल. म्हणून मार्च संपला की मी आणि माझा मित्र रात्री निघतो. जेवण हलकं, आठ-साडेआठला घर सोडायचं, तुळजापूर रस्त्याने हिप्परगा तलावापर्यंत जायचं, मग डांबर सोडून मुरमाच्या कच्च्या वाटेला लागायचं. शर्यत नाही, वेळेची नोंद नाही. गप्पा मारत पंचवीस-तीस किलोमीटर. अशा निवांत राइडला तयारी कशाला, असं वाटतं आणि तिथेच सगळं बिघडतं.

सगळ्यात मोठी चूक एकच आहे: "त्याच्याकडं असेल की."

गेल्या एप्रिलमध्ये तलावाच्या पुढे चार-पाच किलोमीटर आत मित्राचं मागचं चाक बसलं. त्याने विचारलं, "पंप आणलायस ना बे?" पंप होता. जादा ट्यूबही होती. पण माझी ट्यूब जाड व्हॉल्व्हची, मोटारसायकलला असतो तशी. त्याच्या रिमचं भोक बारीक, प्रेस्टा व्हॉल्व्हचं. जाड व्हॉल्व्ह त्यातून जाईना आणि माझ्या पंपाचं तोंड त्याच्या व्हॉल्व्हवर बसेना. पॅच आणि सोल्युशन दोन्ही होतं, पण चिकटवून हवा कशी भरणार? रस्त्यापर्यंत सायकली ढकलत आलो. पाणी त्याच्याकडे असेल म्हणून मी एकच बाटली घेतली होती, आणि त्यानेही तसंच केलं होतं.

तेव्हापासून निघण्याआधी पार्किंगमध्येच दोन्ही सायकली शेजारी उभ्या करून बघतो. चाकाचा आकार २७.५ इंची की २९, व्हॉल्व्ह कोणता, पंप दोन्हींना लागतो का. बारीक व्हॉल्व्हची ट्यूब जाड भोकात चालून जाते, उलटं चालत नाही. २७.५ ची ट्यूब २९ च्या चाकात ताणून घरापर्यंत येता येतं. प्रेस्टावर बसवायचा पितळी अडॅप्टर नखाएवढा असतो, तो दोघांच्याही पिशवीत हवा. पंक्चरवाले रात्री बंद असतात, आणि सुरू असलेल्या ढाब्यावर ट्रकची हवा मिळाली तरी अडॅप्टरशिवाय प्रेस्टात ती जात नाही.

काटा काढण्याची घाई

आपल्याकडे पंक्चर म्हणजे काटाच. वेड्या बाभळीचा काटा टायर आणि ट्यूब दोन्ही आरपार करतो. शेताच्या कडेला कुंपणाला टाकलेल्या फांद्या वाटेवर सरकलेल्या असतात, अंधारात त्या काडीकचऱ्यासारख्या दिसतात. पावसाळा संपला की सराटे वाळतात, मग कच्च्या वाटेची कड धरून जाणं म्हणजे पंक्चरला आमंत्रण. मधल्या चाकोरीतूनच चला.

टायरमध्ये काटा रुतलेला दिसला आणि हवा टिकून असेल, तर तो वाटेत उपसू नका. बऱ्याचदा त्या काट्यानेच भोक बुजवलेलं असतं. हवा गेलीच असेल तर ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून पूर्ण गोल बोट फिरवा, पण हळू. मोडलेलं टोक आत राहिलं तर नवी ट्यूब शंभर मीटरवर जाते. ट्यूब काढताना ती टायरच्या तुलनेत कशी बसली होती हे लक्षात ठेवा, म्हणजे ट्यूबवरच्या भोकावरून टायरमधली जागा सापडते. शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर तो काटा नव्हे. हवा कमी होती आणि दगडावर ट्यूब रिमच्या कडेला चिमटली. ट्यूबवाल्या टायरला मुरमावर साधारण २८ ते ३५ पीएसआय ठीक, वजन जास्त असेल तर वरच्या बाजूला. ट्यूबलेस असेल तर आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, आपल्या उन्हात लवकर वाळतं. दर दोन महिन्यांनी बघा.

लाइट आहे, पण दिसत नाही

एकच लाइट हेल्मेटवर लावणं ही नेहमीची चूक. उजेड डोळ्यांजवळूनच पडतो, त्यामुळे खड्ड्याची सावली दिसत नाही आणि सगळी वाट सपाट वाटते. हँडलवरचा लाइट खालून येतो, दगड आणि खाच त्यानेच कळते. हेल्मेटवरचा वळणात बघायला उपयोगी. दोन्ही असले तर उत्तम, एकच घ्यायचा तर हँडलचा.

हजार ल्युमेनचा लाइट सतत पूर्ण ठेवला तर बहुतेकांची बॅटरी दीड-दोन तासांत उतरते. डांबरावर कमी, माळावर पूर्ण. आणि वेग उजेडाच्या आत ठेवा. ताशी २० ला सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते, ३० ला सव्वाआठ. मुरमावर ब्रेक लावला की चाक घसरतं, म्हणून ३० ला थांबायला वीस मीटर सहज लागतात. उजेड पंधरा मीटर पडत असेल तर दिसलेला खड्डा चुकत नाही.

मित्राच्या अगदी मागे चिकटू नका. तुमच्या लाइटने त्याचीच सावली त्याच्या वाटेवर पडते आणि त्याला पुढचं काही दिसत नाही. थोडं अंतर ठेवा, किंवा रस्ता रिकामा असेल तर एका बाजूने चला. बोलताना हेल्मेटचा झोत त्याच्या तोंडावर मारू नका. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका झोताने ते सगळं जातं.

एकाचा लाइट बंद पडला तर आधी वायरचं जोड दाबून बघा, धक्क्याने ते सैल होतं. तरी लागला नाही तर लाइटवाला किंचित मागे आणि बाजूला राहील, उजेड दोघांपुढे पडेल इतका. वेग चालण्यापेक्षा थोडा जास्त, बस्स.

हायवेवर मागचा लाल दिवा दोघांनाही हवा. नोव्हेंबर ते मार्च उसाच्या ट्रॉल्यांचा हंगाम. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, उभ्या ट्रॉलीवर आदळायची भीती खरी आहे. मी त्या महिन्यांत रात्री हायवे टाळतोच.

वाट निवडताना

शेतातून शॉर्टकट नको. रानडुकरांसाठी काही ठिकाणी तारेत करंट सोडलेला असतो, आणि ती तार रात्री दिसत नाही. नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्यातही शिरू नका. १९७९ पासून ते राखीव आहे, माळढोक जमिनीवर अंडी घालतो, आणि आपला झोत व खडखडाट तिथल्या जिवांना नको आहे. फिरायला बाकीचा माळ पुष्कळ आहे.

पाऊस पडून गेला असेल तर काळ्या मातीत शिरूच नका. दोन फेऱ्यांत चाक आणि फोर्कमध्ये चिखल दगडासारखा बसतो. जोर लावून पॅडल मारलं तर मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) मोडतो. काडीने चिखल काढा, नाहीतर सायकल खांद्यावर घ्या.

दुरुस्तीला बसायचं तर उघड्या वाटेवर. गवतात विषारी फुरसं असू शकतं, मुरमाच्याच रंगाचं आणि हातभर. चावलंच तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यांतलं काही करू नका. हातपाय स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा आणि सोलापूरच्या सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या. कुत्री धावली तर उतरा, सायकल मध्ये धरा आणि शांतपणे चालत पुढे जा. पळून सुटका होत नाही.

खाण्याचं विशेष काही नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पिशवीत दिवसभर टिकते, पण चटणी तिखट असल्याने पाणी जास्त लागतं. प्रत्येकी किमान दीड लिटर, उन्हाळ्यात दोन. घरच्यांना लाइव्ह लोकेशन निघतानाच पाठवा, आत गेल्यावर रेंज जाते.

घरी आल्यावर झोपण्याआधी पाच मिनिटं टायर फिरवून काटे चिमट्याने काढा आणि लाइट चार्जिंगला लावा. सकाळपर्यंत चाक मऊ झालं असेल तर पंक्चर तिथेच, हातात उजेड आणि पंखा असताना काढता येईल.