सातव्यापासून महिने नाही, आठवडे मोजा

गरोदर बाईला घरात 'आठवा लागलाय' म्हणतात आणि दवाखान्यात कार्डावर 31 आठवडे लिहितात. बाळ एकच, पण उपयोगाचा आकडा दुसरा. महिन्यांच्या हिशेबात कुणी लागलेला महिना धरतं, कुणी भरलेला. कुणी तिथीने मोजतं, कुणी तारखेने. त्यात तीन-चार आठवड्यांची गल्लत सहज होते, आणि या टप्प्यावर चार आठवडे म्हणजे बाळाचं जवळपास पाऊण किलो वजन.

म्हणून आधी तारीख पक्की करा. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्या, त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. पाळी 10 सप्टेंबरला आली असेल तर प्रसूतीची तारीख 17 जून. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने दिलेली तारीख धरा. शेवटच्या सोनोग्राफीत तारीख पुढेमागे दिसली म्हणून ती बदलायची नसते. तिथे बाळ लहान किंवा मोठं आहे एवढंच कळतं.

हेच उदाहरण पुढे नेऊ. 25 मार्चला 28 आठवडे भरतात. बाळ साधारण एक किलोचं, पापण्या उघडमीट करणारं, बाहेरचा आवाज ओळखणारं. पण अंगावर चरबी नाही, त्यामुळे कातडी सुरकुतलेली. फुप्फुसं फुगलेली राहण्यासाठी आतून एक स्निग्ध थर लागतो. तो तयार व्हायला सुरुवात झालेली असते, पण पुरेसा व्हायला साधारण 34-35 वा आठवडा उजाडतो. 'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही' हे इथेच खोटं ठरतं. आठव्यातल्या बाळाची फुप्फुसं सातव्यातल्यापेक्षा तयार असतात. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच. 34 आठवड्यांआधी कळा सुरू झाल्या तर फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं देतात, दर बारा तासांनी एक. हा डोस पुरा व्हायला वेळ लागतो, म्हणून 'बघू सकाळी' इथे महागात पडतं.

6 मे, 34 आठवडे. बाळ दोन किलोच्या आसपास किंवा थोडं वर. आता आईच्या रक्तातून लोह साठवून घेण्याचं काम जोरात चालतं. जन्मानंतरचे पहिले काही महिने त्याला हाच साठा पुरवायचा असतो. आईकडून रोगप्रतिकारक प्रथिनंही याच आठवड्यांत जास्त जातात. मेंदूचं वजन अजून पूर्ण दिवसांच्या बाळाच्या दोन तृतीयांशाएवढंच, वळ्या पडणं चालूच. वजन बरं दिसतंय म्हणून 'आता झालं तरी चालेल' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. 37 आठवडे भरतात 27 मे रोजी. तोवर बहुतेक बाळं डोक्यावर फिरलेली असतात. शंभरात तीन-चार पायाळू राहतात आणि त्यांची प्रसूती कुठे करायची हे आधीच ठरवावं लागतं.

या तारखा मुद्दाम घेतल्या. जळगाव-भुसावळचा पारा 44-45 वर जातो तो नेमका याच काळात. अंगातलं पाणी कमी झालं की पोट वारंवार कडक होतं, लघवीचा जंतुसंसर्ग होतो, आणि त्यातून कळा लवकर सुरू होऊ शकतात. दिवसाला तीन लिटर पाणी, त्यात ताक, मीठ-साखरेचं लिंबूपाणी. लघवी पिवळीधमक दिसली तर पाणी कमी पडतंय. दुपारी बारा ते चार शेतात किंवा एसटीच्या थांब्यावर नको. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायचं तर पहाटेची गाडी धरा, आणि माता-बाल संरक्षण कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफीचे कागद सोबत आणा. कागद सासरी राहिले की माहेरच्या डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. झोका मात्र या वर्षी बाकीच्यांना खेळू द्या.

जेवण कमी केलं की बाळ लहान राहून बाळंतपण सोपं होतं, हा समज अजून आहे. लहान राहतं खरं, पण अडीच किलोच्या आतलं बाळ थंडीला, संसर्गाला आणि दूध ओढायलाही कमी पडतं. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, तुरीची डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, अंडं चालत असेल तर अंडं, दूध. पोट वर दाबतं म्हणून थोडं थोडं, पाच वेळा. केळी बिनधास्त खा. लोहाची गोळी लिंबू पिळलेल्या जेवणानंतर चालेल, चहाबरोबर नाही. कॅल्शियमची तिच्यापासून दोन तास लांब. एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर 'अशक्तपणा असतोच' म्हणून सोडू नका. सातपुड्याच्या भागात सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी राहिली असेल तर लगेच करून घ्या.

आता रोजचं काम: हालचाल मोजणं. 28 आठवड्यांपासून रोज साधारण एकाच वेळी, जेवणानंतर, डाव्या कुशीवर पडा. मोबाइल बाजूला. शेजारी दोन वाट्या, एकीत तुरीचे दहा दाणे. बाळ हललं की एक दाणा दुसऱ्या वाटीत. लाथ, ढुशी, कूस बदलणं सगळं मोजा. उचकी मोजू नका, ती तालात येते. बहुतेकदा अर्ध्या-पाऊण तासात वाटी रिकामी होते. बाळ 20 ते 40 मिनिटं झोपतं, म्हणून मुदत दोन तासांची. दोन तासांत दहा झाल्या नाहीत, किंवा रोजच्यापेक्षा हालचाल स्पष्ट कमी वाटली, तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. 'नवव्यात बाळ शांत होतं' हे ऐकू नका. जागा कमी झाल्याने लाथेऐवजी ढकलणं जाणवतं, पण हालचाली कमी होत नाहीत.

डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, वरच्या पोटात दुखणं म्हणजे रक्तदाब मोजायचाच. 140/90 किंवा जास्त असेल तर घरी थांबायचं नाही. रक्त गेलं, अगदी न दुखता थोडंसं गेलं, तरी 108 ला फोन. अंगावरून पाणी गेल्यासारखं वाटलं तर स्वच्छ पॅड लावून रंग बघा आणि निघा. हिरवट असेल तर बाळाने पोटातच शी केली आहे, मग अजिबात वेळ दवडू नका.

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कळा सुरू झाल्यावर निघणं उशिराचं ठरू शकतं. काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघर आहे. तारखेच्या चार-पाच दिवस आधी तिथे राहायला जाता येतं. जागा आहे का, हे 36 व्या आठवड्यातच आशाताईंना विचारून ठेवा.