मुंबई–लंडन: विमानाचं अंतर आणि वेळ घरबसल्या कसा काढाल?

१. अंतर मोजताना भिंतीवरचा सपाट नकाशा विसरा. मुलांचा पृथ्वीगोल घ्या आणि मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरा. दोरा कराचीच्या बाजूने इराणवर चढतो, अर्ध्या वाटेवर जॉर्जियातल्या तिबिलिसीजवळून जातो आणि युक्रेनवरून युरोपात शिरतो. हाच सर्वांत जवळचा मार्ग, सुमारे ७,२०० किलोमीटर.

२. विमान मात्र या दोऱ्यावरून जाईलच असं नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रवासी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. असा वळसा पडला की किलोमीटर आणि तास दोन्ही वाढतात.

३. आता वेळ. उंचीवर गेल्यावर मोठं जेट विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जातं. ७,२०० भागिले ९०० म्हणजे आठ तास. चढण्या-उतरण्याचा अर्धा-पाऊण तास त्यात धरा. शिवाय त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून ढोबळ हिशेबाला जाताना दहा तास आणि येताना नऊ तास धरा.

४. खरा घोळ घड्याळाचा. तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईची आणि पोहोचण्याची लंडनची असते. दुपारी २ ला निघून संध्याकाळी ७.३० ला पोहोचणार, हे वाचून ‘साडेपाच तासांत लंडन!’ म्हणणारे भेटतात. उन्हाळ्यात लंडन आपल्यामागे साडेचार तास असतं, हिवाळ्यात साडेपाच. तिथली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. तेव्हा दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत लिहा आणि मग वजाबाकी करा. उन्हाळ्यातले ७.३० अधिक ४.३० म्हणजे मध्यरात्रीचे १२. प्रवास दहा तासांचा.

५. दुबईमार्गे जायचं असेल, तर गंमत बघा. मुंबई–दुबई सुमारे १,९०० आणि दुबई–लंडन ५,५०० किलोमीटर, म्हणजे एकूण अंतर जेमतेम २०० किलोमीटरने वाढतं. वेळ खातो तो मधला थांबा. स्वस्त तिकिटात तो किती तासांचा आहे, हे किमतीच्या आधी बघावं.

६. पुण्याहून निघणाऱ्यांनी यात मुंबई विमानतळापर्यंतचे चार तास मिळवावेत. एक्स्प्रेसवेवर घाटात कोंडी झाली तर आणखी. त्यावर विमानतळावर तीन तास आधी पोहोचणं आलंच. आणि तिकडे घ्यायला येणाऱ्या लेकीला विमान उतरण्याची वेळ लंडनच्या घड्याळाची सांगा. पासपोर्टच्या रांगेतून, सामान घेऊन बाहेर यायला पुढे तासभर लागू शकतो, हेही तिच्या कानावर घाला, नाहीतर ती पार्किंगचे पैसे भरत बसेल.