जुनी आउटबोर्ड मोटर रेस सोडली की बंद पडते? स्क्रू पिळायच्या आधी हे बघा

रेस दिली की मोटर झकास पळते, काठाजवळ येऊन रेस सोडली की दोनचार वेळा धडधडून गप्प. परत दोरी ओढा, परत रेस, परत तेच. जुन्या टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या) आउटबोर्डची, म्हणजे बोटीच्या मागं लावायच्या इंजिनची, ही सगळ्यात कॉमन तक्रार, मग ती हिडकल धरणाच्या पाण्यावर जाळी टाकणाऱ्याची मोटर असो नाहीतर २०१९ च्या महापुरानंतर वेदगंगा-दूधगंगेच्या काठी कुणी शेडमध्ये ठेवलेली असो. आणि यावर आपल्याकडं एकच औषध, आयडलचा (रेस सोडल्यावर मोटर किती हळू चालत राहील ते ठरवणारा) स्क्रू पिळायचा आणि रेस वाढवून ठेवायची. शेजारी उभा राहिलेला कुणीतरी सांगणारच, "काका, जरा रेस वाढवा की वो, काय होत नाही."

होतंय की. आयडल वर नेऊन ठेवलं की गियर टाकताना खाड्कन आवाज येतो, तो आवाज म्हणजे आतल्या डॉग क्लचचे (गियर जोडणाऱ्या दातेरी भागाचे) दात एकमेकांवर आपटतायत. वर्षभर तसंच चालवलं की दात गोल होतात आणि मग ऐन पाण्यात मोटर गियरमधनं सुटायला लागते. कार्बोरेटर साफ करायचा खर्च आणि गियर केस उघडायचा खर्च यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून स्क्रूचा नंबर शेवटी.

आधी एक गोष्ट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जातंय. रेसमध्ये इंजिन कार्बोरेटरच्या मेन जेटमधनं पेट्रोल ओढतंय (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं भोक पाडलेला बारका भाग), त्याचं भोक मोठं. आयडलला थ्रॉटलची पत्ती (हवेची वाट कमी-जास्त उघडणारी) जवळजवळ बंद असते आणि पेट्रोल येतंय ते पायलट जेटमधनं आणि पत्तीजवळच्या दोनतीन बारीक भोकांतनं, ती भोकं सुईच्या टोकाएवढी. तिथं जरा कचरा आला, जरा हवा लीक झाली, स्पार्क जरा कमजोर असला, की आयडल गेलं. रेसमध्ये हेच सगळं झाकलं जातंय, म्हणून "रेसमध्ये बरोबर चालते म्हणजे मोटर चांगली आहे" हे अर्धंच खरं.

चेक करायला मोटर ड्रमात लावा, पाणी प्रोपेलरच्या वरच्या आडव्या पट्टीच्याही वर पाहिजे. कोरडी एक मिनिटसुद्धा चालवू नका, वॉटर पंपातलं रबरी इम्पेलर पाण्यावरच जगतंय, कोरडं फिरलं की लगेच जळतंय. चालू केल्यावर मागनं पाण्याची बारीक धार येते का बघा, नाही आली तर लगेच बंद. आणि हे सगळं उघड्यावर करायचं. पत्र्याच्या शेडमध्ये लावली तर मोटर स्वतःचाच धूर परत ओढते आणि त्यानंच बंद पडते, तुम्ही मात्र कार्बोरेटर खोलत बसता. शिवाय तो धूर माणसाला पण घातक आहे.

आता पहिली आणि फुकटची टेस्ट, टाकीकडनं येणाऱ्या पाइपातला रबरी बल्ब. मोटर आयडलला ठेवा आणि बंद पडायला लागली रे लागली की दुसऱ्यानं बल्ब दाबायला सुरुवात करायची. दाबल्यावर मोटर सावरली तर लफडं पेट्रोल पोचण्यात आहे, कार्बोरेटरच्या आधी. दाबून काहीच फरक पडला नाही तर कार्बोरेटर किंवा स्पार्क. दाबल्यावर उलट जास्तच गुदमरली आणि धूर वाढला तर पेट्रोल ओव्हर होतंय, म्हणजे कार्बोरेटरमधल्या फ्लोटची (तरंगून पेट्रोल थांबवणाऱ्या भागाची) सुई नीट बसत नाही नाहीतर पंपाचा पडदा फाटलाय. बल्ब हातात कसा लागतो तेही बघा. चालता चालता आत चेपून चपटा झाला तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलाय किंवा टाकीतली जाळी चोक आहे. कितीही दाबलं तरी कडक होत नसेल तर कुठंतरी हवा ओढतोय, बहुतेक वेळा मोटरला जोडायच्या कनेक्टरमधली ओ-रिंग. ती बारकी रिंग चिरलेली असली तरी बाहेर पेट्रोलचा थेंब दिसत नाही, कारण तिथं पेट्रोल बाहेर पडत नाही, हवा आत जाते. बल्बवर बाण असतो, तो मोटरच्या दिशेला पाहिजे, हे सांगायला नको पण सांगतो.

फ्युएल पंप म्हणजे कार्बोरेटरशेजारची चपटी डबी, आत पातळ पडदा असतो आणि तो क्रँककेसमधल्या (पिस्टनच्या खालच्या पोकळीतल्या) दाबाच्या ठोक्यांवर हलतो. पडदा फाटला तर पेट्रोल सरळ त्या ठोक्याच्या वाटेनं क्रँककेसमध्ये जातंय, आयडलला मोटर ओली होऊन मरते. खोलून उजेडात धरा, ताठ झालेला किंवा चिरलेला असेल तर बदला, त्याला गम लावून जमत नाही.

पेट्रोलचं बोलायला पाहिजे, कारण निम्मी भानगड इथंच आहे. २०२३ च्या फेब्रुवारीपासून आपल्या देशात ई-२० पेट्रोल यायला लागलं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. आपल्या चिकोडी-अथणी-संकेश्वर भागातला ऊस कारखान्यात जातो आणि त्यातला काही इथेनॉल होऊन परत आपल्याच टाकीत येतो, शेतकरी म्हणून बरं वाटतं, पण जुन्या मोटरीला ते मानवत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतंय आणि पाणी एका मर्यादेच्या वर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतंय, पेट्रोल वर राहतंय. पिकअप नळी टाकीच्या तळातनंच ओढते. वरनं जुने रबरी पाइप आतनं फुगतात, त्यांचे काळे कण सुटतात आणि ते कण जाऊन बसतात कुठं तर पायलट जेटमध्ये. म्हणून टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढा आणि अर्धा तास हलवू नका. खाली वेगळा थर दिसला तर ती सगळी टाकी रिकामी करायची, वरचं वरचं गाळून वापरायचं नाही. बदलताना पाइप इथेनॉल सोसणारे घ्या, बाइकचे स्वस्तातले नकोत.

ऑइल किती घालायचं हे मोटरच्या झाकणावर किंवा बुकात लिहिलेलं असतंय. बऱ्याच मोटरींना ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली, आणि टीसी-डब्ल्यू-३ असं लिहिलेलं बोटीचंच ऑइल. खूप जुन्या मोटरींना जास्त लागतं. अंदाजानं "एक झाकण जादा" घालणारे भरपूर आहेत, आयडलला प्लग काळा ओला होतो तो त्यामुळं.

प्लग काढून बघणं हे तर हाताशीच आहे. दोन सिलिंडर असतील तर दोन्ही प्लग शेजारी ठेवा, कुठला कुठला ते विसरू नका. दोन्ही विटकरी तपकिरी असतील तर उत्तम. एक काळा ओला आणि एक कोरडा, तर ओल्या बाजूचा सिलिंडर आयडलला पेटतच नाही. एकच अगदी धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय, हेड गॅस्केट बघा, आयडल राहू दे बाजूला. गॅप, म्हणजे प्लगच्या दोन टोकांमधलं अंतर, पॉइंटवाल्या जुन्या मोटरीला साधारण ०.५ ते ०.६ मिमी आणि सीडीआयवालीला (स्पार्क देणारी इलेक्ट्रॉनिक डबी असलेलीला) ०.९ ते १ मिमी च्या आसपास, पण बुकातला आकडा खरा. स्पार्क बघायला कॅप हवेत लोंबकळत ठेवून दोरी ओढू नका, प्लग इंजिनच्या लोखंडाला टेकवून धरा, नाहीतर सीडीआय उडायची भीती, आणि जवळ सांडलेलं पेट्रोल असेल तर आधी पुसून वाळू द्या. प्लगची जोडी नवीनच टाका, त्यात काटकसर करायचं कारण नाही.

पट्ट्याच्या किल स्विचकडं (पट्टा ओढला की मोटर बंद करणाऱ्या स्विचकडं) कुणी बघत नाही. त्याची वायर कुठं घासून सोलली असेल तर आयडलच्या थरथरीत ती बॉडीला लागते आणि मोटर स्विच काढल्यासारखी पट्कन बंद होते. ओळख हीच, पेट्रोलमुळं बंद पडणारी मोटर खोकत खोकत पडते, करंटमुळं पडणारी एका झटक्यात.

आता कार्बोरेटर. पेट्रोल पोचतंय, स्पार्क आहे, तरी मरते, तर खोला. मोटर पाच-सहा महिने पेट्रोलसकट पडून असेल तर खोलायलाच लागणार, आत पिवळा चिकट डिंक साठलेला असतो. मिक्श्चर स्क्रू (आयडलला पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) काढायच्या आधी तो हलक्या हातानं आत फिरवत न्या, टेकेपर्यंत किती फेरे झाले ते मोजून कागदावर लिहा, मगच बाहेर काढा. जोरात आवळलात तर टोकाला खाच पडते आणि मग तो स्क्रू कधीच नीट लागत नाही. खालची वाटी सोडा, फ्लोट आणि रबरी भाग बाजूला ठेवा, ते क्लीनरमध्ये बुडवायचे नाहीत. पायलट जेट काढून उजेडाकडं धरा, गोल स्वच्छ टिपका दिसला पाहिजे, अर्धचंद्र दिसला तर कचरा आहे. लोखंडी तार किंवा टाचणी घालायची नाही, भोक मोठं झालं की जेट वाया. वायरमधला तांब्याचा एक बारीक धागा चालतो. मग कार्ब क्लीनर मारा आणि कॉम्प्रेसरची हवा सगळ्या वाटांतनं द्या, डोळ्याला चष्मा लावून, कारण क्लीनर कुठल्या भोकातनं उलटा उडेल सांगता येत नाही. पत्तीजवळच्या त्या बारीक भोकांतनं क्लीनरची धार सुटते का बघा, एका भोकातनं येत नसेल तर काम झालेलं नाही. नुसतं वाटी पुसून परत बसवणारे मिस्त्री आहेत, दोन दिवस चालते आणि परत तेच.

आपल्या भागाची खासियत अशी की सेकंडहँड मोटरी कोकण-गोव्याकडनं घाट चढून येतात. मालवणात किंवा कारवारात समुद्रसपाटीला सेट केलेली मोटर, बेळगाव साडेसातशे मीटरवर आणि हिडकलचं भरलेलं पाणीसुद्धा साडेसहाशेच्या वर. इथली हवा साधारण ७-८ टक्के विरळ, म्हणजे तिथलं मिक्श्चर इथं थोडं रिच (पेट्रोल जास्त) होतंय. तेवढ्यानं एकट्यानं बंद पडेल असं नाही, पण आधीच जरा काळा प्लग, जरा जादा ऑइल, वर हे, मग पडते. दुसरं, खारं पाणी. मीठ बसून थर्मोस्टॅट (मोटर गरम झाली की गार करायच्या पाण्याला वाट देणारा झडपेचा भाग) उघडाच अडकला असेल तर मोटर गरमच होत नाही, आणि गार टू-स्ट्रोक आयडलला टिकत नाही. थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा आणि पाणी तापवा, बऱ्याच आउटबोर्डचा ५० ते ६० डिग्रीच्या आसपास उघडायला लागतो. गारच असताना उघडा दिसला तर बदला. अगदी छोट्या काही मोटरींना थर्मोस्टॅट नसतोच, शोधत बसू नका.

हे सगळं झालं की मग स्क्रू. मोटर चांगली गरम करा आणि शक्यतो बोट पाण्यात, काठाला दोन्हीकडनं घट्ट बांधून, गियरमध्ये सेट करा, कारण ड्रममधलं आयडल आणि पाण्यातलं आयडल एक नसतंय. मिक्श्चर स्क्रू लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर आणा, कागद हरवला असेल तर दीड फेऱ्यापासून सुरुवात करा. एका वेळी पाव फेरा फिरवा आणि दहा-पंधरा सेकंद थांबा, टू-स्ट्रोक उशिरा उत्तर देतंय. कार्बोरेटरमधनं शिंकल्यासारखा फटका येतो तर लीन (पेट्रोल कमी) आहे, घुरघुर करत धूर सोडत जड होते तर रिच. कुठल्या बाजूला फिरवलं की काय होतं हे कार्बोरेटरवर आहे, स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर साधारणपणे आत फिरवला की लीन, हवा ओढायच्या तोंडाकडं असेल तर आत फिरवला की रिच. सगळ्यात गुळगुळीत जिथं चालते तिथनं किंचित रिचकडं ठेवा, एकदम रेस दिल्यावर अडखळत नाही. मग आयडल स्क्रूनं बुकात दिलेल्या आरपीएमवर आणा, गियरमध्ये बहुतेकांचं ६०० ते ७५० च्या मध्ये असतंय.

न्यूट्रलमध्ये छान चालते आणि गियर टाकला की मरते, असं असेल तर आधी प्रोपेलर काढा. धरणात नायलॉन जाळ्याची तंगूस शाफ्टला गुंडाळून प्रोपेलरच्या मागं गच्च बसते, बाहेरनं काय दिसत नाही, काढल्यावर कोयत्यानं तोडायला लागेल एवढी निघते. तीच तंगूस सील कापते आणि गियर ऑइलमध्ये पाणी जातंय. खालचा स्क्रू सोडून थोडं ऑइल बघा, दुधाळ दिसलं तर सील बदलल्याशिवाय बोट पाण्यात घालू नका.

इथपर्यंत सगळं करून पण आयडल येत नसेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या, दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. ते पण बरोबर असेल तर राहिलं रीड व्हॉल्व्ह (कार्बोरेटरमागची, मिक्श्चर फक्त आत जाऊ देणारी पातळ पाकळ्यांची झडप) आणि क्रँकचे सील. रीडची पाकळी तुटलेली असली की कार्बोरेटरच्या तोंडातनं पेट्रोलचा फवारा उलटा बाहेर येतो, हात धरला तर ओला होतो. रीड घरी बदलता येतात. सीलसाठी मात्र इंजिन पूर्ण खोलायला लागतंय, ते आउटबोर्डवर काम केलेल्या माणसाकडंच द्या, आणि शाफ्टवर घासल्याची रेघ पडली असेल तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या चांगल्या लेथवाल्याला आधी दाखवा, नवीन सील खरबडीत शाफ्टवर महिनाभर पण टिकत नाही.