प्रौढ वयातील सुंता : पद्धत निवडताना

प्रौढ पुरुषाला सुंतेचा सल्ला बहुधा फायमोसिसमुळे, म्हणजे शिश्नाची पुढची कातडी मागे सरकेनाशी झाल्यामुळे दिला जातो. ही तक्रार मधुमेहींमध्ये वारंवार आढळते. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी साखर तपासून घ्यावी, कारण ती आटोक्यात नसल्यास जखम चिघळण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे. ती स्वतःच्या मनाने बंद करू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत प्रौढांसाठी तीन पद्धती सांगितल्या आहेत. पहिलीत कातडी पुढे ओढून चिमट्यात धरतात आणि चिमट्याच्या पुढचा भाग कापतात. ती शिकायला सोपी आहे, परंतु कातडी आत चिकटली असेल तर तिचा हट्ट धरू नये. अशा वेळी दुसरी पद्धत, म्हणजे वरच्या बाजूने उभा छेद देऊन, शिश्नमुंड डोळ्यांसमोर ठेवून कातडी काढणे अधिक सुरक्षित ठरते. तिसरीत बाहेरून व आतून दोन वर्तुळाकार छेद घेऊन मधला पट्टा सोलून काढतात. काम सुबक होते, मात्र त्यासाठी सरावलेला हात लागतो.

उपकरणांपैकी शांगरिंग आणि प्रीपेक्स यांचा वापर मुख्यतः आफ्रिकेतील एचआयव्ही प्रतिबंधाच्या मोहिमांत झाला. दक्षिण आफ्रिका, केनिया व युगांडा येथील चाचण्यांत सुंतेमुळे स्त्रीकडून पुरुषाला होणारा संसर्ग सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे दिसले आणि २००७ मध्ये संघटनेने तिथे सुंतेची शिफारस केली. तरीही कंडोमची गरज संपत नाही. शांगरिंगच्या दोन कड्यांमध्ये कातडी घट्ट दाबून पुढची कापतात, टाके लागत नाहीत आणि साधारण ७ दिवसांनी कडी काढतात. प्रीपेक्समध्ये रबरी कड्याने रक्तपुरवठा तोडून कातडी वाळवली जात असे. त्यानंतर धनुर्वाताचे रुग्ण आढळल्याने आधी लस घेणे आवश्यक मानले गेले.

आपल्याकडे स्टेपलरचा बोलबाला आहे. तो एकाच दाबात कातडी कापतो व पिना लावतो. त्या पुढील काही आठवड्यांत गळतात, राहिलेल्या डॉक्टर काढतात. वेग मोहात पाडणारा असला, तरी योग्य मापाचे उपकरण आणि रात्री रक्त वाहू लागल्यास कोणाला फोन करायचा, या दोन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात.

कातडीवर पांढरा, कडक पट्टा असेल, तर कापलेला भाग पॅथॉलॉजीकडे पाठवण्याचा आग्रह धरावा. लैंगिक संबंध आणि हस्तमैथुन ६ आठवडे टाळावे, वेदना थांबल्या तरीही.