हस्ताचं पाणी बांधाबाहेर जाऊ देऊ नका

पुणे जिल्हा म्हटलं की बाहेरच्या माणसाला मुळशी-भोरचा पाऊस आठवतो. शिरूर, बारामती, इंदापूर, पुरंदरची पूर्व बाजू सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते, हे त्याला सांगावं लागतं. आपली रब्बी ज्वारी उत्तरा-हस्त या नक्षत्रांच्या, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसावर उभी राहते, आणि तो पाऊस पडतो दोन-चार दणक्यांत. पाटाचं पाणी असलेल्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

हिशेब साधा आहे. एकरभर रानावर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण 1 लाख लिटर पाणी झालं. दहा हजार लिटरचे दहा टँकर! ते ओढ्याला गेलं तर सोबत वरची कसदार मातीही नेतं.

म्हणून रानात सारे पाडा, म्हणजे मातीच्या वरंब्यांनी आखलेले लांब पट्टे. हे काम खरं तर जुलैचं. राहून गेलं असेल तर ऑगस्टअखेर वाफसा मिळताच, म्हणजे रान औजार चालण्याइतपत सुकताच, उरका. सारा यंत्राने 2.70 मीटर रुंदीचे सारे उताराला आडवे काढायचे आणि दर 20 मीटरवर बळीराम नांगराने दंड, म्हणजे साऱ्यातलं पाणी अडवणारे आडवे वरंबे, टाकायचे. दंड टाकायचा कंटाळा करू नका. एका वर्षी मी नुसते सारे पाडून गप्प बसलो. रात्रीत पाऊस झाला, पाणी साऱ्यातून पळत खालच्या कोपऱ्यात साचलं आणि बांध फोडून गेलं. वरची अर्धी पट्टी कोरडी ती कोरडीच. बांधाला जादा पाणी सोडणारा दगडी सांडवा नव्हता, हीही चूक माझीच.

पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. सारे कुळवाने मोडून लगेच तिफण धरा, उतारालाच आडवी. रान उघडं ठेवून हस्ताची वाट बघण्यात अर्थ नाही. वाण रान बघून घ्या: हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यम रानात फुले सुचित्रा किंवा मालदांडी, भारी काळ्या रानात फुले वसुधा. एकरी 4 किलो बी पुरतं. दाट पेरलं की ओल लवकर संपते, मग कणसं भरत नाहीत.

पाऊस थांबल्यावर खरी राखण सुरू होते. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं (ओळींमधून बैलाने ओढायचं तण काढणारं औजार), पाचव्यात अखंड पासेचं, म्हणजे सलग पात्याचं. या दोन पाळ्या सगळेच देतात. आठव्या आठवड्याची मात्र निम्मे लोक सोडतात, कारण पीक वाढलेलं असतं आणि बैल आत घालायला जीव होत नाही. पण काळ्या रानाला भेगा पडू लागतात त्या तेव्हाच, आणि एकेका भेगेतून खोलवरची ओल उडून जाते. तेव्हा बैलांना मुसकी घाला आणि दातेरी कोळपं फिरवाच. भेगा मातीने बुजल्या पाहिजेत, चार ताटं मोडली तर मोडू देत.