घरची सोलर बॅटरी ग्रिडच्या कामी कशी आणावी

बॅटरी बसवली की ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, आपोआप हातभार लागतो असे नाही. नेहमीच्या सेटिंगवर ती सकाळी ऊन पडताच भरू लागते आणि बऱ्याचदा दुपारच्या आत पूर्ण भरते. मग भर दुपारी सगळ्या छतांवरची वीज एकदम लाइनमध्ये येऊन व्होल्टेज चढते, नेमकी तेव्हाच तिच्यात जागा नसते. म्हणून खरे काम वेळा बसवण्याचे.

१. आधी वीज कंपनीची मंजुरी आणि दोन्ही दिशांनी मोजणारा मीटर घ्या. हायब्रिड इन्व्हर्टरमध्ये (सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) आपल्या भागाचा ग्रिड कोड, म्हणजे ग्रिडला जोडण्याचे नियम, निवडलेला हवा. फ्रिक्वेन्सी किंवा व्होल्टेज बिघडल्यावर इन्व्हर्टरने काय करायचे ते त्यावरच ठरते.

२. सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) तपासा. मेन वायरवरच्या या कड्यावरून इन्व्हर्टरला कळते, की वीज आत येतेय की बाहेर जातेय. सोलर आणि बॅटरी बंद करून २ किलोवॅटचा गीझर लावा. ॲपमध्ये साधारण तेवढीच वीज आत येताना दिसली पाहिजे. बाहेर जाताना दिसली तर कडे उलटे बसले आहे. असे असले की घर ग्रिडमधून वीज ओढत असताना इन्व्हर्टर बॅटरी रिकामी करण्याऐवजी आणखी भरत बसतो. ही चूक फार आढळते. कडे इलेक्ट्रिशियनकडूनच फिरवून घ्या.

३. आता हिशेब. १० युनिटची बॅटरी, त्यातले २० टक्के घरची वीज जाते त्या वेळेसाठी राखीव. उरली ८ युनिट. ती १० ते ३ या पाच तासांत भरायची तर वाया जाणारी वीज धरून चार्जिंगची मर्यादा १.८ किलोवॅट ठेवा. ५१.२ व्होल्टच्या बॅटरीला हे सुमारे ३५ अँपिअर होतात. ढगाळ दिवसांत मर्यादा वाढवा, नाहीतर बॅटरी अर्धवट राहील.

४. डिस्चार्ज, म्हणजे बॅटरीतली वीज बाहेर काढणे, संध्याकाळच्या सर्वाधिक मागणीच्या तासांत लावा: २ किलोवॅटने चार तास. वीज बाहेर गेली नाही आणि फक्त घर चालले, तरी ग्रिडवरचा तेवढा भार उतरतोच.

५. अनेक घरांच्या बॅटऱ्या एकत्र चालवणाऱ्या योजनेत सामील होताना दोन गोष्टी लेखी घ्या: राखीव २० टक्क्यांना हात लावणार का, आणि बॅटरी भरण्या-रिकामी होण्याच्या वाढलेल्या फेऱ्या वॉरंटीत बसतात का.

इन्व्हर्टरचे घड्याळ अधूनमधून पाहत जा. ते दोन तास मागे पडले, तर संध्याकाळचा डिस्चार्ज मागणी ओसरल्यावर सुरू होतो, आणि ॲपमध्ये मात्र सगळे ठीक दिसते.